सिएटल, १९१९ : निकाल न लागलेल्या अजिंक्यपदाच्या वाटेवर

सिएटल शहराच्या मध्यवस्तीत, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर सेनेका स्ट्रीट आणि युनिव्हर्सिटी स्ट्रीट यांच्या दरम्यान, वीस मजल्यांची एक पांढुरकी इमारत उभी आहे. तळाशी उंच कमानी आणि त्या कमानींतून थेट माथ्यापर्यंत गेलेल्या बारीक उभ्या रेषा असे तिचे रूप असून, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे ज्यांनी उभारले त्या मिनोरू यामासाकी यांचीच ही रचना आहे. लोक तिला आयबीएम बिल्डिंग म्हणून ओळखतात. वास्तुकलेचे अभ्यासक तिच्यासाठी वाट वाकडी करून येतात. मी तिथे गेले ते मात्र तिच्याआधी त्याच जमिनीवर जे होते त्याच्या ओढीने. १९१५ साली इथे सिएटल आइस अरीना हे बंदिस्त बर्फाचे क्रीडागार बांधण्यात आले आणि १९१९ च्या मार्चमध्ये व्यावसायिक आइस हॉकीतील सर्वोच्च मानाच्या स्टॅनली चषकाची अंतिम मालिका इथे रंगली. पाच सामने झाले, सिएटल मेट्रोपॉलिटन्स आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हे दोन्ही संघ बरोबरीत आले, आणि निर्णायक सहावा सामना सुरू होण्याच्या काही तास आधी मालिका थांबली. तो सामना पुढे कधीच झाला नाही. त्या वर्षी चषक कोणीही जिंकला नाही.

या मालिकेकडे मी खेळाच्या वाटेने आले नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयी मी बरीच वर्षे वाचत आले आहे, कारण आमच्या घरात माझ्या आजीच्या तोंडी मानमोडीच्या साथीच्या आठवणी होत्या आणि तिच्या माहेरची माणसे त्या एका पावसाळ्यानंतर निम्म्यावर आली होती. मुंबईत १९१८ च्या जूनमध्ये गोदीच्या बाजूने ही साथ शिरली, सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा आणि अधिक मारक होऊन परतली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे दगावली असावीत, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. त्याच साथीची पुढची लाट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका क्रीडास्पर्धेच्या मध्यात येऊन कशी आदळली, हे वाचल्यापासून ती जागा प्रत्यक्ष पाहावी असे मनात होते. माझी भाची नोकरीनिमित्त सिएटलजवळ बेलव्ह्यूला राहते. तिच्याकडे जाण्याचा योग आला तेव्हा पहिल्याच मोकळ्या सकाळी मी तिला म्हटले, "मला फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर सोड." तिने विचारले, "मावशी, तिथे तर नुसती ऑफिसे आहेत. काय बघणार आहेस?" तिला मी गाडीतच गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि तीही माझ्याबरोबर उतरली.

मुळात सिएटलसारख्या शहरात हिवाळी खेळाचे केंद्र निर्माण व्हावे, हेच नवल आहे. प्रशांत महासागराच्या कुशीतले हे शहर हिवाळ्यात पावसाने भिजलेले असते, पण तळी गोठावीत अशी थंडी इथे क्वचित पडते. कॅनडाच्या पूर्व भागात निसर्ग जे फुकट देतो ते इथे यंत्राने तयार करावे लागते. ही कल्पना लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या भावांची होती. दोघेही उत्तम खेळाडू होते आणि त्यांच्या वडिलांनी ब्रिटिश कोलंबियातील इमारती लाकडाच्या धंद्यात पैसा कमावला होता. तो पैसा घालून त्यांनी १९११ साली पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन ही लीग काढली, व्हँकूव्हर आणि व्हिक्टोरिया येथे कॅनडातील पहिली कृत्रिम बर्फाची क्रीडागारे उभारली, आणि पूर्वेकडील संघांतून मोठ्या पगारावर खेळाडू आणले. १९१५ मध्ये या लीगमध्ये सिएटलचा संघ आला. क्रीडागार ज्या मेट्रोपॉलिटन बिल्डिंग कंपनीचे होते तिच्यावरून संघाचे नाव मेट्रोपॉलिटन्स पडले. ही सगळी जमीन वॉशिंग्टन विद्यापीठाची, कारण विद्यापीठाची पहिली वास्तू याच टेकाडावर होती. विद्यापीठ दुसरीकडे हलले, जमीन मात्र त्याच्याकडेच राहिली आणि कंपनीने ती भाडेपट्ट्याने घेतली.

हिरवे, लाल आणि पांढरे आडवे पट्टे असलेल्या सदऱ्यातील या संघाचा कणा टोरांटोहून आलेला होता. १९१४ साली टोरांटोला चषक जिंकून देणारे गोलरक्षक हॅप होम्स, फ्रँक फॉइस्टन, जॅक वॉकर आणि कली विल्सन हे चौघेही सिएटलला आले, आणि त्यांच्या जोडीला गोलांचा पाऊस पाडणारा बर्नी मॉरिस होता. दोनच वर्षांत, मार्च १९१७ मध्ये, या संघाने मॉन्ट्रियल कॅनेडियन्सला याच फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ३-१ असे हरवले. शेवटच्या सामन्यात ९-१ असा विजय मिळाला आणि त्या नवांपैकी सहा गोल एकट्या मॉरिसचे होते. स्टॅनली चषक कॅनडाच्या गव्हर्नर जनरलांनी, लॉर्ड स्टॅनली यांनी, १८९२ मध्ये दिलेला, आणि तेव्हापासून तो कॅनडातील संघांनीच जिंकला होता. अमेरिकेतील संघाने तो जिंकण्याची ती पहिली वेळ होती. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो यांच्यापैकी कोणाच्याही आधी हा मान सिएटलला मिळाला.

आयबीएम बिल्डिंगच्या पायऱ्यांवर उभे राहून आम्ही दोघी त्या चौकाकडे पाहत होतो. जुन्या क्रीडागाराचा एक दगडही तिथे उरलेला नाही. १९२४ साली लीग बंद पडली, बर्फ वितळवला गेला, इमारतीचे मोटारी ठेवण्याच्या जागेत रूपांतर झाले आणि १९६३ मध्ये तीही पाडण्यात आली. आज कमानींच्या खालून हातात कॉफीचे पेले घेतलेली माणसे लगबगीने आत-बाहेर करतात. तरीही जागा पाहण्याचा एक उपयोग झाला. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूपासून खाली समुद्राकडे जाणारा उतार किती तीव्र आहे, बंदर आणि जहाजांच्या गोद्या किती जवळ आहेत, हे नकाशावरून कळत नाही. त्या मालिकेच्या सहा आठवडे आधी, ६ फेब्रुवारी १९१९ रोजी, याच गोद्यांतील कामगारांच्या पाठिंब्यासाठी सिएटलमध्ये सार्वत्रिक संप झाला होता आणि साठ हजारांहून अधिक कामगारांनी शहर पाच दिवस थांबवून ठेवले होते. त्याही आधी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझामुळे चित्रपटगृहे, शाळा आणि प्रार्थनास्थळे बंद झाली होती आणि मुखपट्टी नसलेल्या प्रवाशाला ट्राममध्ये चढू देत नसत. महायुद्ध संपताच, १२ नोव्हेंबरला, ती बंदी उठली. युद्ध, साथ आणि संप या तिन्हींतून नुकतेच बाहेर पडलेले शहर मार्चमध्ये हॉकी पाहायला या उतारावर गर्दी करून आले होते, हे तिथे उभे राहिल्यावर मला नीट उमगले.

तिथून दक्षिणेला थोडे चालले की सिएटलचे मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय लागते. काचेच्या तिरक्या भिंतींची ही भव्य वास्तू २००४ साली उघडली. तिच्या दहाव्या मजल्यावर शहराच्या इतिहासाचा स्वतंत्र कक्ष आहे, आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या सूक्ष्मपटांवर मार्च-एप्रिल १९१९ ची क्रीडापाने पाहता येतात. इथले कर्मचारी अत्यंत तत्पर आहेत. परदेशातून आलेल्या आणि ग्रंथालयाची सभासद नसलेल्या बाईला त्यांनी ज्या आस्थेने यंत्र लावून दिले, त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. भाची कामाला गेली आणि मी दुपार उलटून जाईपर्यंत तिथे बसले. या मालिकेची हकिगत आज जिथे जिथे सांगितली जाते तिथे ती मुख्यतः साथीची हकिगत असते. न झालेला सहावा सामना सगळ्यांना माहीत असतो, पण झालेले पाच सामने फारसे कोणी सांगत नाही. मला ते अन्यायाचे वाटते, म्हणून ते इथे जरा सविस्तर लिहिते.

पश्चिमेकडून सिएटलने व्हँकूव्हरला हरवून आणि पूर्वेकडून कॅनेडियन्सने ओटावाला हरवून अंतिम फेरी गाठली होती. पूर्वेकडची लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग, आजची एनएचएल. नोव्हेंबर १९१७ मध्ये मॉन्ट्रियलला स्थापन झालेल्या त्या लीगचा हा अवघा दुसरा हंगाम होता. दोन्ही लीगांचे नियम वेगळे होते. पूर्वेला सहा-सहा खेळाडू खेळत. पश्चिमेला सात, आणि हा सातवा खेळाडू, ज्याला रोव्हर म्हणत, आक्रमण आणि बचाव यांच्यात मोकळेपणाने फिरत असे. त्यामुळे एक सामना पश्चिमेच्या आणि दुसरा पूर्वेच्या नियमांनी, असे आलटून पालटून खेळायचे ठरलेले असे. पॅट्रिक बंधूंच्या डोक्यातून निघालेल्या, मैदानाचे तीन भाग करणाऱ्या निळ्या रेषा आणि मधल्या पट्ट्यात पुढे पास देण्याची मुभा या गोष्टी एनएचएलने नुकत्याच त्याच हंगामात स्वीकारल्या होत्या. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या आइस हॉकीचा बराचसा ढाचा असा पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेला आहे.

सिएटलला एक मोठा धक्का मालिकेआधीच बसला होता. लष्करी भरती टाळल्याच्या आरोपावरून बर्नी मॉरिसला अटक झाली होती आणि सामने चालू असताना तो कॅम्प लुईस या लष्करी तळावर कैदेत होता. पुढे त्याला शिक्षा होऊन अल्कॅट्राझ बेटावरच्या तुरुंगात पाठवण्यात आले. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्याने एकट्याने कॅनेडियन्सचा धुव्वा उडवला होता, तोच या वेळी मैदानात नव्हता. तरीही १९ मार्चच्या पहिल्या सामन्यात, सात खेळाडूंच्या नियमांनुसार, सिएटलने पाहुण्यांचा ७-० असा पराभव केला. २२ मार्चला पूर्वेचे नियम लागू झाले आणि कॅनेडियन्स ४-२ असे जिंकले. ते चारही गोल न्यूझी लालोंडने मारले होते. २४ मार्चला पुन्हा पश्चिमेचे नियम आणि पुन्हा सिएटलचा ७-२ असा दणदणीत विजय. इथपर्यंत नियमच सामने जिंकून देत आहेत असे कोणालाही वाटावे.

चौथा सामना २६ मार्चला झाला आणि माझ्या मते या मालिकेचा मानबिंदू तोच आहे. पूर्वेच्या नियमांत सिएटल टिकणार नाही, हा समज त्या रात्री खोटा ठरला. एका टोकाला कॅनेडियन्सचा, क्वेबेकमधल्या शिकूतिमीहून आलेला, अत्यंत शांत वृत्तीचा जॉर्ज व्हेझिना आणि दुसऱ्या टोकाला हॅप होम्स, या दोन गोलरक्षकांनी निर्धारित वेळेत एकही गोल होऊ दिला नाही, आणि त्यानंतर जादा वेळ खेळूनही फलक ०-० असाच राहिला. पहिल्या सत्राच्या अगदी शेवटच्या क्षणी विल्सनने पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, जाळ्यात धाडला होता, पण शिट्टी आधी वाजल्याचा निर्णय पंच मिकी आयन यांनी दिला. तो गोल धरला गेला असता तर तिसऱ्या विजयासह सिएटलचा चषक त्याच रात्री पक्का झाला असता. सामना संपला तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू बर्फावरच कोसळले आणि प्रेक्षकांनी उभे राहून दोघांचेही कौतुक केले. त्या काळात बदली खेळाडू मोजकेच असत आणि बरेच जण अखंड बर्फावर असत, ही गोष्ट लक्षात घेतली तर या दमछाकीचा अर्थ ध्यानात येतो.

पाचव्या सामन्यात, मार्चच्या अखेरच्या शनिवारी, सिएटल दोन सत्रांनंतर ३-० असे पुढे होते. एक सत्र आणखी आणि चषक त्यांचा. तिथून कॅनेडियन्सने तीन गोल फेडले, पुन्हा जादा वेळ सुरू झाली. फॉइस्टन दुखापतीने बाहेर गेला होता. विल्सन थकव्याने इतका गळून गेला की स्वतःहून स्केट करत कडेला आला, आणि त्याची जागा घ्यायला कोणी वेळेत बर्फावर उतरण्याआधीच जॅक मॅकडोनाल्डने विजयी गोल मारला. मालिका २-२ आणि एक सामना अनिर्णित. त्याच सामन्यात कॅनेडियन्सचा जो हॉल खेळ अर्धवट सोडून बाहेर पडला होता. त्याला इतके बरे वाटत नव्हते की खेळवेना. त्या रात्री थकवा कोणता आणि ताप कोणता, हे कोणाला ओळखता आले असेल असे मला वाटत नाही.

सहावा सामना मंगळवारी, १ एप्रिल १९१९ रोजी होता. बर्फ तयार होता. तोवर कॅनेडियन्सचे हॉल, मॅकडोनाल्ड, लालोंड, लुई बर्लिंगेट आणि बिली कूटू हे खेळाडू आणि संघाचे मालक व व्यवस्थापक जॉर्ज केनेडी असे सगळे अंथरुणाला खिळले होते. सामन्याला साडेपाच तास उरले असताना तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. केनेडी यांनी आधी व्हिक्टोरियाच्या संघातील खेळाडू उसने घेऊन खेळण्याची परवानगी मागितली. लीगचे अध्यक्ष फ्रँक पॅट्रिक यांनी ती नाकारली. तेव्हा आपला संघ मैदानात उतरू शकत नाही, म्हणून चषक सिएटलने घ्यावा, असे केनेडी यांनी सांगितले. सिएटलचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक पीट मुलडून यांनी तो घेण्यास नकार दिला. आजारी पडलेल्या माणसांकडून चषक घेणे त्यांना मान्य नव्हते. नियमाने तो त्यांचा झाला असता, शहराला हवा होता, आणि न मागता मिळत होता. या एका निर्णयासाठी मला मुलडून यांच्याविषयी जो आदर वाटतो तो कोणत्याही विजेत्या प्रशिक्षकाविषयी वाटत नाही.

ग्रंथालयातून बाहेर पडून मी मॅडिसन स्ट्रीटने फर्स्ट हिलच्या दिशेने चढू लागले. हा चढ दमवणारा आहे आणि मध्ये मोठा महामार्ग शहर चिरत जातो, पण चालत जाण्यासारखे अंतर आहे. मॅडिसन आणि बोरेन या रस्त्यांच्या चौकात एक हॉटेल होते. मदर कॅब्रिनी यांनी १९१६ मध्ये ते विकत घेऊन तिथे कोलंबस सॅनिटेरियम हे रुग्णालय सुरू केले. याच मदर कॅब्रिनी पुढे संतपद मिळालेल्या पहिल्या अमेरिकन नागरिक ठरल्या. जो हॉलला याच रुग्णालयात आणले होते. ५ एप्रिल १९१९ रोजी न्यूमोनियाने त्याचा तिथे मृत्यू झाला. ती जुनी इमारत आज नाही. फर्स्ट हिलवर अजूनही चहूकडे रुग्णालये आहेत, रुग्णवाहिका सतत येत-जात असतात, आणि त्या चौकातून खाली पाहिले की फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे मनोरे दिसतात. क्रीडागार आणि रुग्णालय यांच्यात पायी अर्ध्या तासाचेही अंतर नव्हते.

जो हॉलचा जन्म इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरचा, बालपण मॅनिटोबातील ब्रँडन गावचे. क्वेबेकच्या संघातून त्याने १९१२ आणि १९१३ साली चषक जिंकला होता. दांडगाईच्या खेळामुळे त्याला 'बॅड जो' हे टोपणनाव मिळाले होते आणि एनएचएलच्या पहिल्या दोन्ही हंगामांत सर्वाधिक शिक्षा त्यालाच झाल्या होत्या. लालोंड आणि तो प्रतिस्पर्धी संघांत होते तेव्हा दोघांनी एकमेकांना काठ्यांनी रक्तबंबाळ केले होते. पण कॅनेडियन्समध्ये एकत्र आल्यावर प्रवासात ते एकाच खोलीत राहू लागले. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा माणूस त्या मालिकेतील सर्वांत वयस्कर खेळाडूंपैकी एक होता. बाकीचे आजारी खेळाडू बरे झाले. जॉर्ज केनेडी यांची प्रकृती मात्र कधीच पूर्ववत झाली नाही आणि १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये तेही गेले. त्यांच्या पत्नीला संघ विकावा लागला आणि कॅनेडियन्सची मालकी ११,००० डॉलर्सना दुसऱ्यांच्या हाती गेली.

सिएटलमध्ये आज पुन्हा एनएचएलचा संघ आहे. तो पाहायला भाची मला एका संध्याकाळी घेऊन गेली. वेस्टलेकपासून १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली मोनोरेल थेट सिएटल सेंटरला जाते आणि तिथून क्लायमेट प्लेज अरीना हाकेच्या अंतरावर आहे. जुन्या प्रदर्शनातील दालनाचे छप्पर तसेच अधांतरी धरून त्याखाली जमीन खोदून हे नवे क्रीडागार बांधले गेले, आणि छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठवून त्याचा बर्फ बनवतात. पॅट्रिक बंधूंना हे फार आवडले असते. क्रॅकन हा नवा संघ २०२१ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये कॅनेडियन्स इथे पहिल्यांदा खेळायला आले, त्या सामन्याआधी मेट्रोपॉलिटन्सच्या १९१७ च्या विजेतेपदाचा ध्वज छताखाली चढवण्यात आला. तो मी डोळे भरून पाहिला. १९१९ चा ध्वज तिथे नाही आणि असूही शकत नाही, परंतु आमच्या शेजारी बसलेल्या वयस्कर जोडप्याला ती हकिगत पूर्ण ठाऊक होती आणि मध्यंतरात आम्ही त्यावरच बोलत राहिलो.

त्यानंतर किंग स्ट्रीट स्टेशनवरून रेल्वेने मी व्हँकूव्हरला गेले. ही गाडी बराच वेळ समुद्राच्या अगदी काठाने धावते आणि डावीकडच्या खिडकीतून बेटांची रांग दिसत राहते. व्हँकूव्हरला डेन्मन स्ट्रीटच्या टोकाशी, स्टॅनली पार्कच्या वेशीवर, पॅट्रिक बंधूंचे दहा हजारांवर प्रेक्षक बसतील असे क्रीडागार होते. १९३६ साली ते जळाले आणि आता तिथे हिरवळ आहे. मला मात्र माउंटन व्ह्यू स्मशानभूमीत जायचे होते. फ्रेझर स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ही विस्तीर्ण जागा उतारावर असून उत्तरेला डोंगरांची भिंत दिसते. जो हॉलचे दफन इथे झाले. ८ एप्रिल १९१९ ला त्याचा अंत्यविधी झाला तेव्हा ताप उतरलेले त्याचे सहकारी उपस्थित होते, आणि त्यांत लालोंडही होता. मी ज्या भागात फिरले तिथे १९१८ आणि १९१९ ही वर्षे कोरलेले दगड वरचेवर दिसत होते. तरुण वयांची नावे वाचताना मला आजीची ती अपुरी राहिलेली माहेरची यादी आठवत होती. आमच्याकडे त्यांच्यातल्या एकाचाही दगड नाही.

टोरांटोला मी पुढच्या एका प्रवासात गेले. यंग आणि फ्रंट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर बँक ऑफ मॉन्ट्रियलची १८८५ ची जुनी वास्तू आहे, रंगीत काचेचा घुमट असलेल्या तिच्या मोठ्या दालनात आता हॉकी हॉल ऑफ फेमचा मुख्य कक्ष आहे. लॉर्ड स्टॅनली यांनी दिलेले मूळ रुपेरी पात्र बँकेच्या जुन्या तिजोरीत ठेवलेले आहे आणि दालनात उंच चषक उभा असतो. तो प्रवासाला गेलेला असतो तेव्हा त्याची प्रतिकृती ठेवतात. चषकाच्या गळ्याशी असलेल्या पट्ट्यावर १९१९ पुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आणि सिएटल मेट्रोपॉलिटन्स अशी दोन्ही नावे असून त्याखाली मालिका पूर्ण झाली नाही असे कोरलेले आहे. ही नोंद लगेच केलेली नाही. १९४८ मध्ये चषकाची नव्याने बांधणी झाली तेव्हा, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, ती आली. खाली दुसरीकडे २००५ समोर त्या हंगामात खेळ झाला नाही, अशीही ओळ आहे. खेळाडू आणि मालक यांच्यातील वादामुळे तो संपूर्ण हंगाम रद्द झाला होता. या दोन नोंदी लोक एका दमात सांगतात, मला ते पटत नाही. २००५ मध्ये काहीच खेळले गेले नाही. १९१९ मध्ये पाच सामने पूर्ण ताकदीने, आणि शेवटचा तर ताकदीपलीकडे जाऊन, खेळले गेले, आणि म्हणूनच तिथे दोन्ही संघांची नावे आहेत.

भिंतीवरच्या काचफलकांत मी त्या मालिकेतील माणसे शोधत गेले. व्हेझिना, लालोंड, कॅनेडियन्सचाच दिदिए पित्र, फॉइस्टन, वॉकर आणि होम्स सापडले, आणि १९६१ मध्ये समाविष्ट झालेला जो हॉलही सापडला. पीट मुलडून यांचे नाव त्यांत नाही. ते पुढे शिकागो ब्लॅक हॉक्सचे पहिले प्रशिक्षक झाले, आणि तिथून काढून टाकल्यावर त्यांनी त्या संघाला शाप दिला, अशी एक कथा त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी एका क्रीडापत्रकाराने रचली. ती कथा बनावट असल्याचे त्या पत्रकाराने स्वतः नंतर मान्य केले, तरी हॉकीच्या जगात मुलडून यांचे नाव आजही मुख्यतः त्या शापासाठीच घेतले जाते. एकाही माणसाने न पाहिलेला शाप सर्वांना पाठ असावा आणि १ एप्रिल १९१९ रोजी त्यांनी खरोखर जे केले ते त्या दालनात कुठेही लिहिलेले नसावे, ही उणीव दूर व्हावी असे मला फार वाटते, आणि तिथल्या अभिप्रायवहीत मी तसे मराठीत आणि इंग्रजीत लिहून आले आहे.